तलावाच्या पाळीवरची बोंब

जमिनीच्या दाव्याच्या तारखेला चंद्रपूरच्या कोर्टात गेलो होतो. व्हरांड्यातल्या बाकावर शेजारी एक मासेमार बसला होता. नाव मी विचारलं नाही. तिथं माणूस आधीच नावाच्या पुकाऱ्याला भ्यायलेला असतो. जाळ्याच्या दोऱ्यानं त्याची बोटं चिरलेली होती. जिवंत मासा धरावा तसा त्यानं मोबाइल दोन्ही हातांत धरला होता आणि पोलीस जवळून गेला की तो मांडीखाली सारत होता.

"तलावात माशे मरून तरंगले, त मी व्हिडिओ टाकला," तो हळूच म्हणाला.

सरकारनं तो व्हिडिओ देशात बंद करायला लावला, वर अफवा पसरवल्याचा गुन्हा. बंदीविरुद्ध त्याचा वकील नागपूरला हायकोर्टात भांडत होता. घरचे म्हणत होते, माफी माग आणि मोकळा हो.

"कशी मागू? मेलेला मासा ज्याले पह्यले दिसन, त्यानं पाळीवरून बोंब मारायची. मंग कोणी जाळं टाकत नाई. बापजाद्यापासूनची रीत आहे. मी मोबाइलवर मारली."

त्यानं व्हिडिओ उघडला. काळ्या पडद्यावर 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' एवढंच आलं.

"दुबईतल्या भाच्याले दिसते. तलाव इथी, माशे इथी, खाणारे बी इथी. अन् पाह्याले दुबईले जा लागते का, भाऊ?"

त्याचा आवाज चढला होता. दाराशी उभा असलेला पोलीस सरळ आमच्याकडे आला. मोबाइल मांडीखाली गेला.

पोलीस वाकला, इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "कोणता तलाव आहे, भाऊ? काल आमच्या घरी माशेच होते."