पाच आकड्यांचा चढता क्रम

चंद्रपूर शहर संपतं तिथून थोडं पुढं असलेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकले. राजुऱ्याहून रोज बसनं यायची. अब्बांचं राजुऱ्यात शिलाईचं दुकान. घरात मशीन म्हटलं की शिवायचंच. त्यामुळं मुलगी ‘मशीनची भाषा’ शिकते, हे ते गिऱ्हाइकांना माप घेता घेता सांगायचे.

ती भाषा म्हणजे असेंब्ली. प्रॅक्टिकलमधला सगळ्यात मोठा प्रोग्राम होता पाच आकडे स्टॅकवर ठेवून मोठ्याकडून लहानाकडे लावण्याचा. स्टॅक म्हणजे मेमरीतली तात्पुरती चवड. नवीन आलेलं वर ठेवायचं, काढताना वरचंच आधी काढायचं.

आकडे कोणते, हा प्रश्नच नव्हता. ४५, १२, ७८, ३, २०. सीनियरांच्या जर्नलमध्ये हेच, त्यांच्या सीनियरांच्याही हेच. आम्ही प्रोग्राम उतरवायचो, खाली उत्तरही उतरवायचो आणि सर सही करायचे. लॅबमधल्या वीस संगणकांपैकी अकरा चालायचे, पण सहीला पेन पुरत होतं. सर मूळचे फिजिक्सचे. माणूस मिळेना म्हणून हा विषय त्यांच्या गळ्यात पडला होता. त्यांनी तो व्याह्यांसारखा सांभाळला. मान भरपूर, चौकशी काही नाही.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पोहे संपवले, एक जर्नल उघडलं आणि म्हणाले, “आकडे हेच राहू द्या. फक्त चढत्या क्रमानं लावून दाखवा.”

प्रोग्राममध्ये एक अक्षर बदलायचं होतं. पहिल्या तुकडीतल्या आम्ही अकरा जणांनी ते बदललं आणि चालवलं. अकराही संगणक थिजले.

“व्हायरस!” सर म्हणाले.

लॅब सांभाळणारे भाऊ धावत आले. “सर, सकाळीच अगरबत्ती लावली होती. तवा तं चांगले होते.” त्यांनी मेन स्विच बंद करून चालू केला. आम्ही पुन्हा चालवलं, संगणक पुन्हा थिजले. परीक्षक चहाला गेले.

मी जर्नलच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं घरं काढत बसले. पाच आकड्यांची पाच. मग लक्षात आलं, क्रम लावणारा भाग वेगळा आहे आणि त्याला हाक मारली की संगणक परत कुठं यायचं तो पत्ता चवडीवर सगळ्यात वर ठेवतो. म्हणजे घरं सहा. आमच्या प्रोग्रामची मोजणी त्या पत्त्यापासूनच सुरू होत होती! फार पूर्वी कुण्या सीनियरनं पाच घरं मोजली असतील, शेवटचा आकडा सुटला असेल, तेव्हा कारण न शोधता त्यानं पाचाचे सहा केले असतील. पत्ता आमच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा. त्यामुळं उतरत्या क्रमात तो पहिल्याच घरात राहायचा आणि सगळं सुरळीत चालायचं. चढत्या क्रमात त्याच्या जागी येऊन बसला तीन. काम संपवून संगणक परत निघाला, तो तीन नंबरच्या पत्त्यावर जाऊन हरवला.

मी जर्नलमध्ये सहा खोडून पाच केले, मोजणीची सुरुवात एक घर पुढं सरकवली आणि प्रोग्राम चालवला. ३, १२, २०, ४५, ७८.

“सर, व्हायरस नाई. जर्नलच चुकलं आहे.”

सरांनी स्क्रीनकडं पाहिलंच नाही. “जर्नल काऊन खोडलं? त्यावर माही सही आहे.”

“पण सर, चालून राह्यलं ना!”

“बेटा, इतक्या बॅच पास झाल्या. त्या काय चुकीच्या होत्या?”

परीक्षक परत आले. व्हायरसमुळं सर्वांनी उत्तर हातानं लिहून द्यावं, असं ठरलं. पाच आकडे चढत्या क्रमानं लिहायचे! सगळ्यांनी ते अर्ध्या मिनिटात लिहिले आणि पंचवीसपैकी तेवीस घेतले. मला सोळा मिळाले. शेरा होता, ‘जर्नल अस्वच्छ’. पुढच्या आठवड्यात लॅबच्या दारावर कागद लागला: ‘क्रम फक्त उतरता लावावा. आदेशावरून.’

तो वाचून मी रागानं पायऱ्या उतरत होते, तेवढ्यात सरांनी मागून हाक मारली. लॅब रिकामी होती.

“ते घरं काढले होते ना तू, मले दाखव एकदा.”

मी फळ्यावर सहा घरं काढली. सर बाकावर पुढं झुकून बसले होते. मग ते स्वतः संगणकापुढं बसले आणि एका बोटानं जुना प्रोग्राम चालवून त्यांनी संगणक थिजवला. पुन्हा चालू केला, पुन्हा थिजवला. मग माझा प्रोग्राम लावला आणि त्यात नवे आकडे टाकले, चार अंकी, मनाला येतील ते. आकडे ओळीनं लागले तसे सर खुर्चीतच मागं रेलून हसले.

“च्यामारी, पत्ताच पळवला होता का त्या तिनानं!” ते म्हणाले. मग दाराकडं पाहून हळू आवाजात, “कोणाले सांगू नको, बरं का.”

माझी चारची बस गेली होती. सर आणखी आकडे टाकत होते.