'दुर्जर' शब्दाचं वाक्य

दीड महिन्यापूर्वी दुपारी इंदू अक्कांच्या भाचीचा फोन आला. "मावशी गेली," एवढंच ती म्हणाली. मी रिसीव्हर ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले...

अक्का मूळच्या बेळगावच्या. बँकेतली नोकरी सांभाळून मल्लेश्वरममधल्या एका खोलीत त्या दर रविवारी इथे कानडी मुलखात वाढणाऱ्या मुलांना मराठी शिकवत. माझी मुक्ता त्यांच्याकडे जायची. ती अकरा वर्षांची असताना तिचे बाबा अचानक गेले. घरात ती त्यांचं नावही काढेना. वर्ग मात्र चुकवत नव्हती. एका रविवारी अक्कांनी 'दुर्जर' हा शब्द शिकवला. जे सहज जिरत नाही, पचायला जड, ते दुर्जर. घरून वाक्य करून आणायचं होतं. कुणी उडदाचे वडे लिहिले, कुणी फणस. मुक्ताने लिहिलं, 'बाबांचं जाणं दुर्जर आहे.' अक्कांनी त्यावर लाल रेघ मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हा शब्द अन्नासाठी वापरतात. दुसरं वाक्य कर." पुढच्या रविवारी मुक्ता गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग एका संध्याकाळी दोन बस बदलून अक्का आमच्या जयनगरच्या घरी आल्या. "स्वल्प पाणी द्या," असं कानडी वळणाने म्हणत टेकल्या. मुक्ताला समोर बसवून म्हणाल्या, "तुझे बाबा गेल्याचं मला माहीत होतं गं. तरी मी नुसता शब्द तपासला, तू काय लिहिलंस ते वाचलंच नाही. चूक माझी."

मुक्ताने विचारलं, "तुमचं कोण गेलंय?"

"धाकटा भाऊ. वीस वर्षं झाली."

"मग आता पचलं?"

अक्कांनी मान हलवली. "नाही. पण त्याच्याबद्दल बोलता येतं."

त्या दिवशी मुक्ता पहिल्यांदा रडली. बाबा बाह्या कशा दुमडायचे, चहा बशीत ओतून कसा प्यायचे... अक्कांना सांगत राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला पुढे जाववेना.

त्यानंतर मुलाच्या तोंडून ऐकल्याशिवाय अक्कांनी कुणाचंच वाक्य तपासलं नाही. गेल्या रविवारी मी त्या खोलीत जाऊन आले. आता तिथे शिकवते ती पुण्याहून आलेली, संगणक कंपनीत काम करणारी तरुण मुलगी, अक्कांच्याच हाताखाली तयार झालेली. मुक्ताची हकीकत तिला ठाऊक नाही. एका चिमुरडीने वही पुढे केली. त्या तरुण बाईंनी ती उघडलीही नाही. तशीच परत देत म्हणाल्या, "आधी तू वाचून दाखव."