बाबांचं नाव लॉक आहे

शनिवार, दिवाळीच्या तोंडावर. हजर: मी, धाकटा भाऊ आणि मंगरूळपीरचा रेडियमवाला.

बाबांच्या स्कूटरवरचं रेडियमचं नाव यानेच ब्लेडने कापून दिलं होतं. आता मशीन कापते. त्याआधी तो स्क्रीनवर अक्षरं मांडतो आणि मनाजोगतं बसलेलं लगेच लॉक करतो, म्हणजे बाकीचं सरकवताना ते हलत नाही.

घराच्या नव्या पाटीसाठी भाऊ म्हणाला, "बाबा आता नाहीत. त्यांचं नाव काढा, माझं मोठं येईल."

"ते म्या लॉक केलं, भाऊ. तुमचंच लहान करा."

"लॉक काढता येतं ना?"

"येते ना. पण कायले काढू?"

भावाने आपलं नाव लहान करून घेतलं. पाटी दोन्ही नावांची झाली.

दारावरची जुनी पाटी बाबांनी स्वतः ठोकलेली. तिचे खिळे उपटायचे अजून राहिलेत.