सहा हजारांच्या आत

आमच्या हेडलीला कुणी आकडा विचारला की त्याला खोकला येतो. चाळीसच्या वर वर्षं इंजिनं बांधली या माणसाने. श्रॉपशरमधल्या निम्म्या जुन्या गाड्यांची पोटं त्याने उघडून परत शिवली असतील. पण गाडी न्यायला आलेल्या मालकाने विचारावं, "हेडली, कितीपर्यंत फिरवू रे हिला?" की हा खोकणार, चिंधीला हात पुसणार आणि म्हणणार, "कान दे. तीच सांगेल." लोकांना वाटायचं, काय मुरलेला कारागीर आहे! मी त्याची बायको, पण मलाही तसंच वाटायचं.

त्याचा मोठा भाऊ विल्फ मात्र एकाच आकड्याने ओळखला गेला. एकोणसत्तर साली, माझं लग्न व्हायच्या आधी, विल्फ डोंगरचढणीच्या शर्यतीत उतरला होता. गाडी छोटी, हिरवी, उघड्या टपाची. इंजिन हेडलीनेच जरा तिखट केलेलं. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या वर जायचं नाही, असं त्याने भावाला बजावलं होतं. दुसऱ्या वळणावर कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनचं पोट फोडून बाहेर आला, तेल मागच्या चाकाखाली गेलं आणि गाडी झाडावर. विल्फचा उजवा गुडघा त्या दिवसापासून वाकत नाही.

"मी सहाच्या आत होतो," असं तो इस्पितळात सांगत राहिला. कोण ऐकणार? फुटलेलं इंजिन सगळ्यांसमोर होतं. सासूबाई म्हणाल्या, "याला कुठे थांबायचं तेच कळत नाही." बस्स, शिक्का बसला. त्या मरेपर्यंत विल्फच्या गाडीत बसल्या नाहीत. त्याच्या लग्नालासुद्धा दोन बस बदलून गेल्या, डोक्यावरची टोपी हाताने धरून. हळूहळू आम्हा सगळ्यांनाच ती सवय लागली. विल्फ म्हणायचा, "सोडतो ना घरी," आणि आम्ही म्हणायचो, "नको, चालतच जाऊ."

गेल्या वर्षी विल्फच्या मुलीने, ब्रायनीने, ती गाडी गोठ्यातून बाहेर काढली. "काका, इंजिन तूच बांधायचं. मी त्याच डोंगरावर चढवणार आहे." हेडली नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. तो हो म्हणाला, आणि तिथून त्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

हिवाळाभर त्याने काम केलं. हेड घासून मोकळं केलं, कॅमशाफ्ट बदलला, कार्ब्युरेटर दोन लावले. फार काही नाही, बेताचंच. पण मे महिना उजाडला तशी त्याची तगमग वाढली. टोस्टला लोणी लावायचा आणि तसाच उठून शेडमध्ये जायचा. तिथे गाडीचं बॉनेट उघडायचा, बघायचा, मिटायचा. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. त्याचा कोट खुंटीला अडकवताना एकदा खिसा जड लागला. आत एक लोखंडी पुली होती, चहाच्या बशीएवढी.

"हे काय बाळगतोयस?"

"काही नाही. ठेव तिथंच."

"अरे, खिसा फाटेल!"

"फाटू दे की! तुला काय करायचंय?"

हा माणूस माझ्यावर कधी ओरडत नाही. मी पुली खिशात परत ठेवली आणि दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, याचा मला जास्त राग आला.

ब्रायनी रोज फोन करायची. "काका, आकडा सांग ना. काटा कुठे आला की गिअर बदलू?" हा खोकायचा. "अरे, खोकून काय होतंय? बाबांना सांगितला होतास ना?" हा फोन माझ्या हातात द्यायचा.

रविवारी डोंगराच्या पायथ्याशी गाड्या रांगेत लागल्या. विल्फ गुडघा सरळ पुढे टाकून घडीच्या खुर्चीवर बसला होता. ब्रायनी शिरस्त्राण घालून तयार. आणि हेडलीने पुन्हा बॉनेट उघडलं.

"आता काय? पट्टा सैल आहे का?" विल्फने विचारलं.

हेडलीने खिशातली पुली काढून त्याच्या हातात दिली. "डायनामोवर ही हवी. तेव्हाही हीच हवी होती."

विल्फने हातातली पुली पाहिली, मग गाडीतली. "आतली मोठी आहे."

"सहाव्या हिश्शाने. डायनामो जास्त फिरून जळू नये म्हणून मीच बसवली होती. फेरे दाखवणाऱ्या मीटरची केबल डायनामोच्या शेपटातून निघते, ते डोक्यातच आलं नाही माझ्या. डायनामो हळू, म्हणून काटाही मागे."

"सरळ बोल."

"काटा सहा हजारांवर होता तेव्हा इंजिन सात हजार फिरत होतं, विल्फ. तू खरंच सहाच्या आत होतास."

विल्फने पुली मांडीवर ठेवली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तू इस्पितळात होतास तेव्हापासून. आई बोलून बसली होती. आज सांगीन, उद्या सांगीन... या वेळी गुपचूप बदलून टाकणार होतो. बदलवेना. ती काढली असती तर पुन्हा एकदा खोटं बोलल्यासारखं झालं असतं."

त्रेचाळीस वर्षं! मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याचा हात धरावासाही वाटला. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"आई बसने आली होती माझ्या लग्नाला," विल्फ म्हणाला.

"हो."

"दोन बस बदलून."

"हो रे."

ब्रायनीचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "माझ्या पुढे चारच गाड्या आहेत. आधी पुली बसवा, मग काय भांडायचं ते भांडा."

हेडलीने पुली बसवली, पट्टा ताणून घेतला. विल्फने पाना पुढे केला.

"आता आकडा सांग, काका."

हेडली खोकला नाही. "पाच हजार आठशे. वरचं काम नवं आहे, ती सात हजारांना हसत जाईल, भुलू नकोस. क्रँकशाफ्ट आणि रॉड जुन्याच घडणीचे आहेत, त्यांना ते सोसणार नाही. पाच हजार आठशे."

ती गेली. गाडी झाडांआड दिसेनाशी झाली, नुसता आवाज येत राहिला. हेडली डोळे मिटून ऐकत होता. पहिलं वळण. गिअर बदलला. दुसरं वळण आलं तेव्हा विल्फने खुर्चीचा दांडा घट्ट धरला. तिथेही आवाज चढला आणि वेळेवर उतरला. मग वरून ती पोचल्याचा बावटा दिसला.

संध्याकाळी मी गाडीची किल्ली काढली, तेव्हा विल्फ काठी टेकत आमच्याकडे आला.

"हेडली, तू माझ्या गाडीतून यायचं."

"विल्फ, मी काय म्हणतो..."

"पुढे बसायचं. आणि घर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही."

हेडली लहान मुलासारखा जाऊन बसला. मी माझ्या गाडीतून एकटी मागे निघाले. पुढच्या काचेतून दोघांची टकली दिसत होती. वळणावळणाचा उतार होता, वेगाची पाटी चाळीसची होती, आणि विल्फ सबंध रस्ता अडतीसने चालवत होता. माझ्यामागे पाच-सहा गाड्या तुंबल्या, भोंगे वाजवू लागल्या. वाजवू देत म्हटलं.