तिसऱ्या फाट्यावरचा पाला

आमच्या घरात भुताची गोष्ट निघाली की मी पहिली उठून चहा ठेवायला जाते. विश्वास नाही म्हणून. भीती वाटते म्हणून नव्हे... असं निदान मी सांगते. तरीही हे लिहितेय, कारण वीस वर्षं झाली आणि माझं गणित काही सुटलेलं नाही.

साल २००२, मे महिना. गाव पोंभुर्णा. अब्बांचं दुकान होतं – रानातल्या लोकांकडून चारोळी, मोहफूल, हिरडा विकत घ्यायचे. मी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन रिकामी. चंद्रपूरच्या मामेभावानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना मला दिला. त्यात एक गेम होता. कव्हर नाही, माहितीपुस्तक नाही, नुसती एक सीडी.

आता माझी मुलं गेम खेळतात तर स्क्रीनवर बाण येतो, इकडे जा, तिकडे जा. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. टोपीवाला एक पोरगा, त्याला आजारी बहिणीसाठी औषध आणायचंय, बस्स. मग गावातल्या प्रत्येक माणसाशी बोला, प्रत्येक मडकं फोडून बघा, दिसेल ते उचलून पिशवीत भरा. शब्दकोश मांडीवर घेऊन मी एकेक इंग्रजी वाक्य लावायचे. आमच्याकडे वीज कधीही जायची, म्हणून दर दहा मिनिटांनी सेव्ह करायचे. खोटं कशाला बोलू, इतक्या सुखात मी परीक्षेनंतर कुठल्याच सुट्टीत नव्हते.

अडले ते जंगलात. तिथे प्रत्येक फाटा सारखा दिसायचा. तेच झाड, तोच दगड. तीन आठवडे त्या पोराला मी गोल गोल फिरवलं. मामेभावानं युक्ती सांगितली, की फाट्यावर पिशवीतली वस्तू टाकत जा, म्हणजे खूण राहते. मी औषधी पाल्याच्या जुड्या टाकायला लागले. पण हा पाला खाल्ला की पोराची ताकद वाढायची, म्हणून परत येताना मी तो उचलूनही घ्यायचे. कंजूष खेळाडू!

ताराबाई दर बाजाराच्या दिवशी आमच्याकडे चारोळी घेऊन यायची. गोंडांच्या पाड्यातली, जंगलात आठ किलोमीटर आत. अम्मीनं दिलेला चहा घेऊन ती माझ्यामागे बसायची आणि स्क्रीन बघायची. इतके दिवस कधी काही बोलली नव्हती. त्या दिवशी मी पाला उचलला आणि तिनं कप खाली ठेवला.

“काऊन उचलते व? टाकलेला पाला कोनी उचलत नाई. मांगून येनाऱ्याले वाट कशी समजन?”

मग तिनं सांगितलं, त्यांच्या रानवाटेवर फाट्याफाट्याला पाल्याचे ढीग आहेत. येणारा-जाणारा प्रत्येक जण एक डहाळी टाकतो, वाटेवरच्या देवासाठी. परत कोणी घेत नाही. मी हसले. म्हटलं, ताराबाई, हा खेळ आहे. ती म्हणाली, असन. आणि चारोळी मोजून द्यायला उठली.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. अब्बा सकाळी आठला लुना घेऊन ताराबाईच्या पाड्यावर माल बघायला निघाले. त्यांना शुगर, त्यात ते दिवस असे की नऊ वाजताच ऊन डोळ्यांवर येतं. अकरापर्यंत येतो म्हणाले. मी गेम लावून बसले. दहाच्या सुमाराला तिसऱ्या फाट्यावर आले. उजवीकडे गेलं की दलदल, तिथे माझा पोरगा तीनदा मेला होता. मी पाल्याची जुडी टाकली. ताकद अगदी थोडी उरली होती, म्हणून ती उचलून खावी असं फार वाटलं. पण ताराबाईचं तोंड आठवलं, राहू दिलं. सेव्ह केलं, आणि तेवढ्यात वीज गेली.

साडेबाराला ताराबाई दारात. म्हणाली, भाऊ आज येणार होते ते आलेच नाहीत, म्हणून मीच माल घेऊन आले, मोठ्या सडकेनं. अम्मी साखरेचा डबा काढायला आत धावली. अब्बा मधल्या रानवाटेनं गेले होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. पाणी, साखर, ओला टॉवेल घेऊन मी आणि ताराबाई शेजाऱ्यांच्या जीपनं डांबरी संपेपर्यंत गेलो. पुढे पायी. पहिल्या फाट्यावर ढीग, सुकलेला. थोडं पुढे लुना पडलेली, चाक पंक्चर. तिथून मी पळतच सुटले. दुसऱ्या फाट्यावरही सुकाच ढीग. मी दुवा म्हणत होते, आणि ती अर्ध्यात विसरत होते.

तिसऱ्या फाट्यावर अब्बा झाडाखाली बसले होते. ओठ पांढरे, पण शुद्धीवर. साखरपाणी पाजलं. जरा बोलते झाले तसे ताराबाईला म्हणाले, “मी उजव्या वाटेनं चाल्लो होतो बाई. पन ढिगावर पाला हिरवागार दिसला. म्हनलं, आत्ताच कोनी तरी गेलं, वापस येईन. म्हनून बसून राह्यलो.”

उजवी वाट कोरड्या नाल्यात उतरते. तिथे दोन कोस पाणी नाही, माणूस नाही.

ताराबाईनं ढिगाला हात लावून पाहिला. वरची डहाळी अजून ओली होती. त्या उन्हात तोडलेला पाला तासाभरात कोमेजतो. “इकडं कोनी आलंच नाई भाऊ,” ती म्हणाली. “सारं गाव काल सांजेपासून लग्नाले गेलं हाये. मीच एकटी मागं राह्यली.” खाली धूळ होती, आणि धुळीत फक्त अब्बांच्या चपलांचे ठसे. मी अब्बांना विचारलं, बसलात तेव्हा किती वाजले होते? म्हणाले, घड्याळ बघितलं होतं, दहा.

निघताना ताराबाईनं एक डहाळी टाकली. मीही टाकली.

कोणी म्हणेल गुराखी गेला असेल, वाऱ्यानं ठसे पुसले असतील. असेल. मीही हेच म्हणते, दुसऱ्याची गोष्ट असती तर हसलेही असते. पण मला उत्तर सापडलेलं नाही, आणि खरं सांगू? शोधायचंही फारसं मनात येत नाही.

तो गेम मी पुढे खेळले नाही. पाला खाल्ल्याशिवाय पोरगा पुढच्या लढाईत टिकत नाही, आणि पाला मी उचलणार नाही. कॉम्प्युटर भंगारात गेला तेव्हा हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली. अब्बा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, चोरून जिलेबी खातात. त्यांना सगळं माहीत आहे. कधी कधी कपाट उघडं दिसलं की हसून विचारतात, “बेटा, वो बच्चा अभी तक वहीं खड़ा है?”

मी म्हणते, हो अब्बा. तुम्ही घरी आलात ना, मग उभा राहू दे त्याला.