उवा काढा, केस कशाला कापता?

बातमी आली तेव्हा माझ्या डोक्यावर मेंदी थापलेली होती. सुट्टीची सकाळ, हातात चहा, आणि फोन वाजला. नांदेडहून भाचा होता. "मावशी, आई गेली..." एवढंच बोलला. मी मेंदी अर्धीमुर्धी धुतली, डोक्यावरून पदर घेतला आणि किनवटहून मिळेल त्या गाडीनं नांदेड गाठलं. दारात बायका गळ्यात पडल्या, पदर सरकला, आणि रडता रडता एक जण दचकून मागंच झाली. अर्धं डोकं पांढरं, अर्धं नारिंगी! खोटं कशाला सांगू, त्या घडीला मला हसू फुटलं. अक्का उठून बसली असती ना, तर पहिलं हेच म्हणाली असती, "सुमे, काय ध्यान करून आलीस गं? चल, बेसिनपाशी चल."

अक्का म्हणजे माझी मावसबहीण कुसुम. नांदेडात तिचं पार्लर होतं, आणि मी किनवटकडच्या एका आश्रमशाळेत मराठी शिकवते. माणूस समोर आला की अक्का आधी त्याचे केस बघायची, मग तोंड. बसस्टँडवर अनोळखी बाईचा सुटत आलेला आंबाडा दिसला तर हिचे हात शिवशिवायचे. शेवटी दवाखान्यात होती तेव्हाही सलाईन लावायला आलेल्या सिस्टरला म्हणाली, "बाई, आंबाड्यात पिना खुपसू नको. आधी केसात आडवी घाल, मग उलटी फिरवून आत दाब. दोनच पुरतील बघ." ती पोरगी दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाठ फिरवून आंबाडा दाखवून गेली. अक्काला दम लागलेला, पण खूश! मला हळूच म्हणाली, "औषधानं न्हाई, पर ह्यानं जरा बरं वाटून राहिलं..."

आमच्या शाळेत ती पहिल्यांदा आली ती गॅदरिंगला, माझ्या हट्टावरून. पोरींचा नाच बसवला होता, वेशभूषा झाली होती, फक्त पोरींच्या डोक्यावर केस नव्हते. वसतिगृहाचा रिवाजच होता तसा. उवा होतात म्हणून शाळा सुरू झाली की शंकरमामा न्हावी यायचे आणि सगळ्या पोरींचा बॉयकट करून जायचे. नाचाच्या वेळी आम्ही काळ्या फडक्यात चिंध्या भरून आंबाडे बांधायचो. ऐन नाचात ते गळायचे, आणि पोरं शिट्ट्या मारायची. अक्कानं ते फडक्यांचं गाठोडं बघितलं, नाक मुरडलं आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. चटणीसाठी ठेवलेले जवस पातेल्यात घातले, उकळले, गाळले. आमच्या स्वयंपाकीण भागाबाईंचा पारा चढला. "अवो बाई, चटणीचं जवस हाय ते! डोक्याला लावता का?" "हाव," अक्का म्हणाली, "उद्या तुमच्याबी लावते."

ते बुळबुळीत पाणी तिनं पोरींच्या आखूड केसांना चोपडलं आणि एका हाताच्या बोटानं दाबत, दुसऱ्या हातानं कंगवा मागं-पुढं सरकवत लाटा काढल्या. एक इकडं, एक तिकडं. पोरी श्वास रोखून बसलेल्या. अक्काचं तोंड मात्र चालूच, "केस ओला असला की त्याचे आतले सांधे ढिले पडतात, तेव्हा वळवाल तसा वळतो. वाळताना ते सांधे नव्यानं बसतात. म्हणून वाळेस्तोवर हात लावायचा न्हाई. आणि पुन्हा भिजला की पुन्हा पहिल्यासारखा. तवा नाचा, पर घाम पुसू नका!" त्या वर्षी कुणी शिट्टी मारली नाही. पोरी उतरल्यावर आरशासमोर जी गर्दी झाली, ती हटवायला मला छडी आपटावी लागली.

मग अक्का मुख्याध्यापकांकडं गेली. मी पदर ओढत होते, गप बस म्हणून, पण ऐकेल तर ती कुसुम कसली. "सर, उवा झाल्या तर उवा काढा. केस कशाला कापता? गव्हात किडे झाले म्हणून गहू उकिरड्यावर टाकता का?" सर वैतागले. "बाई, एवढ्या पोरी आहेत. कोण काढणार उवा?" "पोरीच पोरींच्या काढतील. मला पुढच्या वर्षी जरा वेळ द्या. तरीबी उवा राहिल्या तर खुशाल बोलवा न्हाव्याला, मी त्याची कात्री धरते."

झालं! नव्या वर्षी शंकरमामांना थांबवलं, आणि दर रविवारी अक्का नांदेडहून हजर. पार्लर रविवारीच जास्त चालतं, पण ते तिनं मुलीवर टाकलं. पोरींना तिनं पार्लरसारखं शिकवलं. केस ओले करायचे, तेल लावायचं, चार भाग करायचे, मानेपासून सुरू करून एकेका भागातून बारीक फणी फिरवायची, दर फेरीला पांढऱ्या फडक्यावर पुसायची. लिखा राहतात, त्या नंतर फुटतात, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा. आणि आमिष असं, की जिचं डोकं साफ निघेल तिचे केस अक्का सेट करणार. मग काय विचारता! पोरी एकमेकींच्या मागंच लागल्या. सरांनी चष्मा पुसून स्वतः डोकी तपासली, काही सापडलं नाही, तेव्हा "बघू पुढच्या वर्षी" म्हणत गेले. तसं बघू बघू म्हणत ते रिटायर झाले, आणि आमच्या पोरींच्या वेण्या कमरेखाली गेल्या. पुढं अक्काचं येणं महिन्यातून एकदा झालं, पण शेवटच्या आजारापर्यंत चुकलं नाही.

अक्का जाऊन थोडेच दिवस झाले असतील, आमच्याकडं नव्या अधीक्षिका रुजू झाल्या. बाई वाईट नाहीत, कडक आहेत. पहिल्याच पाहणीत रेणुका नावाच्या नव्या पोरीच्या डोक्यात उवा सापडल्या आणि मॅडमनी फर्मान काढलं, रविवारी न्हावी, सगळ्या पोरींचा बॉयकट. मी भांडायला गेले. पण भांडण हा अक्काचा प्रांत, माझा नाही. "मॅडम, आमच्याकडं तशी पद्धत..." एवढं बोलले आणि अक्काच्या आठवणीनं नाक-डोळेच पुसत बसले. मॅडमना वाटलं, मला सर्दी झालीय. त्या रात्री पोरींच्या खोल्यांतून रडण्याचा आवाज येईल असं वाटत होतं... पण कुजबूज तेवढी चालली होती.

रविवारी शंकरमामा पिशवी घेऊन आले. आता म्हातारे झालेत, पण हात चालतो. मॅडमसोबत व्हरांड्यात आले आणि थबकले. पोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकामागं एक बसलेल्या. डोकी ओली, तेल लावलेलं, प्रत्येकीची फणी पुढचीच्या केसांत. शंकरमामांनी एकदा इकडून, एकदा तिकडून बघितलं. कात्री घालायची कुठं? ज्या डोक्याकडं जावं, त्यात आधीच कुणाचे तरी हात. पोरी बोलत नव्हत्या, बघत नव्हत्या, नुसत्या विंचरत होत्या. फडक्यावर फणी पुसल्याचा तेवढा आवाज.

रांगेच्या शेवटी रेणुका होती. तिच्या मागं कुणी नव्हतं. शेवटच्या पोरीमागं कायम अक्का बसायची... पोरींनी तिथं सतरंजीचा तुकडा टाकून एक फणी ठेवली होती, आणि ती जागा सोडून दिली होती. रेणुकाला काय माहीत अक्का कोण! ती आपली मान खाली घालून, आपल्या मागं कोण येतंय याची वाट बघत बसलेली. मॅडम रांगेच्या कडेनं रेणुकापर्यंत आल्या, ती रिकामी सतरंजी बघितली. मग त्यांनी चपला काढल्या, साडी सावरली आणि सतरंजीवर बसल्या. फणी उचलून म्हणाल्या, "कुठून सुरू करू?"

"मानेपासून!" अख्खी रांग ओरडली.

मी शंकरमामांना म्हटलं, बसा, चहा ठेवते. आणि आत जाऊन चहा उतू जाईस्तोवर रडले.