दोन कॉइलींचा डायनमो

चेन्नईत एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीत श्रीहरीरावांचं मोटार-वाइंडिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत बसली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. तंजावरकडच्या मराठी घरातला हा माणूस दिवसभर गिऱ्हाइकांशी तमिळमध्ये हुज्जत घालायचा, पण तांब्याची तार गुंडाळताना वेढे मराठीतच मोजायचा. शेजारी बायको कनका बसायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली, आणि दुकानातलं मराठी बोलणं तिच्याबरोबर गेलं.

शहराबाहेर सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरीला असलेला मुलगा श्रीवत्स तेव्हापासून दुकान बंद करा म्हणून मागे लागला होता. एका शाळेने हाताने फिरवायचा डायनमो मागितला, तेव्हा बापलेकांचं ठरलं: हा नीट झाला तर दुकान राहील, नाहीतर श्रीहरीरावांनी मुकाट्याने किल्ली द्यायची. म्हाताऱ्याने हसत कबूल केलं. असे डायनमो त्यांनी पूर्वी कितीतरी शाळांना दिले होते. मधे लोहचुंबक, दोन बाजूंना दोन कॉइली. चुंबक फिरलं की तारेत वीज उठते, एवढीच तर करामत.

रविवारी श्रीवत्स बघायला आला. श्रीहरीरावांनी दांडा फिरवला, पण बल्ब काही लागेना. सांधे तपासले, तार तपासली, सगळं ठाकठीक. आणि दांडा रिकाम्या चाकासारखा गरगर फिरत होता, हे जास्त वाईट. वीज वाहू लागली की ती चुंबकालाच अडवते आणि दांडा हाताला जड लागतो. चाळीस वर्षं तो जडपणा त्यांच्या मनगटाच्या ओळखीचा होता. बापाचा उतरलेला चेहरा बघून श्रीवत्सलाच कसंसं झालं.

"राहूं द्या, अप्पा," तो म्हणाला. "कसाला त्रास करून घेतां?"

श्रीहरीरावांनी दोन्ही कॉइली सोडवून शेजारी ठेवल्या आणि बघत राहिले. दोन्ही एकाच दिशेने गुंडाळलेल्या. चुंबकाचं उत्तर टोक एकीसमोर येतं तेव्हा दक्षिण टोक दुसरीसमोर असतं. म्हणून एक सरळ हवी, एक उलटी, नाहीतर एकीची वीज दुसरी खाते. हे त्यांच्या डोक्याला माहीत होतं, हातांना नव्हतं. पहिली कॉइल नेहमी त्यांची, दुसरी कनकाची, आणि कनका डावखुरी. तिची आपसूकच उलटी व्हायची. या खेपेला दोन्ही त्यांच्याच हातच्या होत्या.

त्या डाव्या हातापायी बिचारीने काय कमी ऐकलं! सासूने तिला पंगतीत कधी वाढू दिलं नाही, आणि श्रीहरीराव चारचौघांत चेष्टा करायचे. पण माझ्यामुळे तुमचा बल्ब लागतो, असं ती एकदाही म्हणाली नाही.

दुसऱ्या कॉइलीची दोन टोकं अदलाबदल केली असती तरी भागलं असतं, दोन मिनिटांचं काम. श्रीहरीरावांनी ती सगळी उलगडली. मग तार डाव्या हातात घेतली आणि अडखळत, मोठ्याने मोजत, पुन्हा गुंडाळायला बसले. सातशे वेढे होईपर्यंत श्रीवत्स तारेचं रीळ धरून बसला.

उन्हं कलल्यावर त्यांनी दांडा फिरवला. तो जड झाला आणि बल्ब लागला. दुकान तुमचंच राहिलं, असं श्रीवत्स म्हणाला. श्रीहरीरावांचे डोळे वाहत होते, पण दांडा थांबला नाही.

"माझं एकट्याचं कसं?" ते म्हणाले. "अर्धं तिचं होतं. तिला मीं कधीं सांगितलोंच नाहीं."